जाफन्याहून अंकुशच्या बाबाले

जाफना
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

अंकुशच्या बाबाले सत्यभामाचा सप्रेम जय भीम.

मी इकडे खुशाल आहे. तुमी तिकडे खुशाल असान अशी आशा करते. इकडची हवा चांगली आहे, काळजी करू नये.

ओळखलं का? तुमचीच वाक्यं होत. अंकुश पोटात होता तवा तुमी लंकेले शांतिसेनेत होते आणि याच गावाहून मले हेच लिहून पाठवत होते. वर नुसता पलटणीचा नंबर. गावाचं नाव लिहाची मनाई होती म्हणे. मले काही मनाई नाही. जाफना, जाफना, जाफना. घ्या.

तुमी माहा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. मी कागदावर लिहून राहिली, शुभांगी मॅडम त्याचा फोटो काढून अंकुशच्या मोबाइलवर टाकते. तो वाचून दाखवन तर ऐका, नाही तर त्याच्या हातून घेऊन स्वतः वाचा. चष्मा टीव्हीच्या मागं पडला आहे, मी निघाली त्या दिवशीच पाह्यला होता. रागात होती म्हणून सांगितलं नाही.

राग येणार नाही तर काय होईन? मले शुगर निघाली, डॉक्टर म्हणे चाला, तर तुमीच मले तलावाच्या पारीवर आणलं. मी सारी जिंदगी धानाच्या बांधीत वाकून, मागं मागं सरकत रोवणा केलेली बाई. सरळ पुढं चालाले मले तुमी शिकवलं. चालाच्या शर्यतीत पाय टेकला की गुडघा सरळ पायजे, नाही तर पंच लाल कार्ड देते, तीन कार्डं झाली की शर्यतीच्या बाहेर, हे सगळं तुमीच मोबाइलात पाहून शोधून काढलं. हातात काडी घेऊन माह्या मागून "गुडघा! गुडघा!" ओरडत फिरत होते. अर्धं एकोडी गाव पारीवर हासाले येत होतं. भंडाऱ्याले पहिली आली, नागपूरले दुसरी आली, तर तुमी पेढे वाटले. मंग निवड झाल्याचं कळलं. म्हाताऱ्यायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाफन्यात, लढाई संपल्यापासून त्या शहरात बाहेरचे देश पहिल्यांदा खेळाले येणार. तुमी जेवता जेवता ताट बाजूले सारलं. "तिथं नाही जायचं," एवढंच बोलले. काहून, ते नाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पारीवर आले नाही, माह्याशी बोललेबी नाही.

मी आली. खोटं कायले बोलू, थोडी चिडूनच आली.

आता इथलं सांगते. लॉज कमी आहेत म्हणून खेळाडूंले लोकायच्या घरी उतरवलं. मी आणि शुभांगी मॅडम एका घरी. (मॅडम म्हणजे भंडाऱ्याच्या पीटीच्या टीचर, गोळाफेकवाल्या. त्यायले इंग्रजी येते.) घरची मालकीण पुवनेश्वरी, सारे तिले अक्का म्हणतात. माह्याच वयाची, रिटायर मास्तरीण, एकटीच राहते. साडी नेसून सायकल चालवते आणि इंग्रजी त्या सायकलीपेक्षा जोरात. मले काही समजत नाही, मी "यस, यस" म्हणून हासते. तेवढ्यावर आमचं छान चाललं आहे. लाल तांदळाचं पुट्टू म्हणून करते, बांबूच्या नळीत उकडलेलं. शुगरले चालते का माहीत नाही, मी दोनदा घेतलं.

तुमी पत्रात लिहिलं होतं, इथं ताडाची झाडं आहेत. आहेत. पण कितीक झाडायले शेंडा नाही, नुसता खांब उभा. ते तुमी लिहिलं नव्हतं.

तुमची (तुमी बोला, नका बोलू),
सत्यभामा


बुधवार, १२ फेब्रुवारी, पौर्णिमा

अंकुशच्या बाबाले जय भीम.

आज मनाले लागलं आहे, म्हणून सरळच लिहिते.

आज पौर्णिमा. सकाळी न्हाऊन म्या पांढरी साडी नेसली, सोबत आणलेला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो खिडकीत ठेवला, वंदना घेतली. मॅडम मैदानावर गेल्या होत्या. अक्का दारात येऊन उभी राहिली. माहं संपू दिलं. मंग हळूच विचारलं, त्यात "हजबंड" एवढं मले समजलं. म्या सांगितलं, आर्मी. आणि बोटानं खाली जमीन दाखवली, जाफना. ती आणखी काही विचारत गेली, मी "यस, यस" म्हणत गेली. तर तिच्या डोळ्यात पाणी. माहे दोन्ही हात धरून बसली. मले वाटलं, तुमी इथं होते हे ऐकून तिले भरून आलं. मले बी बरं वाटलं.

पण संध्याकाळी काय झालं ते ऐका. स्पर्धेचं उद्घाटन होतं. मैदानाच्या फाटकात पोरी ताट घेऊन उभ्या, येणाऱ्या हरेक बाईले कुंकू आणि केसात माळाले मोगरा. मलेशियाच्या बाईले लावलं, मॅडमले लावलं. माही पाळी आली तर अक्का त्या पोरीच्या कानात काही बोलली. आणि ताट माह्या पुढून निघून गेलं.

अजी, माह्या अंगाचा जाळ झाला. समुद्र ओलांडून आली, इथं बी यायले कसं समजलं? लहानपणी पाटलाच्या इथं हळदीकुंकवाचं ताट आमच्या आईपुढून असंच जात होतं. सकाळी तिनं मले वंदना घेताना पाह्यलं, आणि संध्याकाळी हे. म्या सगळा कार्यक्रम मान वर करून पाह्यला, अक्काशी एक शब्द बोलली नाही. येवढे देश झेंडे घेऊन चालून राहिले आणि मी आपल्या आईच्या विचारात.

आता मले समजत नाही ते हे. घरी आल्यावर तीच अक्का माह्या ताटात जेवाले बसली. आपल्या हातानं मले घास दिला. ज्याले विटाळ वाटते तो माणूस असा जेवते का? तिच्या नवऱ्याचा फोटो आहे भिंतीवर, त्याच्यापुढं रोज एक दिवा असते. आज दोन लावले आणि दुसरा मले दाखवला. म्या "यस" म्हणलं.

उद्या मॅडमले विचारायले लावते. अंकुश सांगत होता, बाबा पत्र ऐकून घेते आणि काही न बोलता वावरात जाते. जा. उन्हाळी धानाचा रोवणा आहे, बायायच्या जेवणाचं प्रतिक्षाले आधीच सांगत जा, सुनेच्या ऐन वेळी डोक्यावर बसू नका.

सत्यभामा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

अंकुशचे बाबा,

आधी बसून घ्या. तुमी मेले.

हासू नका, मी बी आधी हासली आणि मंग रडली. मॅडमनं सकाळी अक्काले विचारलं. जातीचं काही नव्हतं. तिले माही जात म्हणजे काय तेच माहीत नाही. इकडे पांढरी साडी म्हणजे विधवा. वरतून माहे हात ओकेबोके, बांगड्या चालताना वाजतात म्हणून मॅडमनं काढाले लावल्या होत्या. मंगळसूत्र विमानतळावर मशीन ओरडते म्हणून प्रतिक्षाजवळ देऊन आली. टिकली घामानं टिकत नाही. आणि ती इंग्रजीत विचारून राहिली होती, तुझा नवरा फौजेत होता का, इथं होता का, इथंच गेला का? आणि मी यस, यस, यस.

तर कुंकवाचं ताट तिनं माह्यावर दया करून पुढं काढलं होतं. भर लोकात कोणी माह्यापुढं कुंकू धरावं आणि मले नाही म्हणावं लागावं, हे तिले नको होतं. आणि मी तिले रातभर मनात शिव्या देऊन राहिली होती. दुसरा दिवा तुमचा होता.

तिचा नवरा याच घराच्या अंगणात गेला, विहिरीवर आंघोळ करत होता, गोळा पडला. मॅडमनं विचारलं, कोणाचा गोळा? तर म्हणे, गोळ्यावर नाव नसते. तिनं मॅडमकडून मले सांगितलं, तुझाही माणूस आमच्या मातीत गेला, माहाही गेला, आता तू माही बहीण.

मॅडम मले म्हणे, आता लगेच खरं सांगून टाकू का? मी म्हणली, थांबा.

काहून थांबली ते तुमालेच सांगते. मेलेल्या शिपायाले तिनं माफ केलं आहे. त्याच्या नावानं दिवा लावला. पण तो जिता आहे, एकोडीले खाटेवर बसून चहा पिते, असं सांगितलं तर ती विचारन ना, तो इथं काय करत होता? कोणाच्या घरात शिरला होता, कोणावर बंदूक धरली होती? मी काय सांगू? मले तरी कुठं माहीत आहे. तुमी मले फकत ताडाची झाडं सांगितली.

पण परवा शर्यत आहे आणि हे पोटात ठेवून माह्यानं चालणं होत नाही. आज म्या दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा गुडघा वाकला.

म्हणून माहं एक ऐका. उद्या सकाळी मॅडम अंकुशले व्हिडिओ कॉल लावन. फोनवर या. तिले तोंड दाखवा. बोलू नका, काही सांगू नका, नुसतं दिसा. म्या तुमच्याजवळ कधी हट्ट केला नाही असं नाही, पण हा सगळ्यात मोठा समजा.

सत्यभामा


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तुमाले जय भीम.

नाही आले. ठीक.

अंकुश बिचारा वावराच्या धुऱ्यावरून फोन घेऊन पळत आला. बायायचे आवाज आले, पाण्याचा आवाज आला. मंग तुमची पाठ दिसली. बांधीत उतरून पऱ्ह्याच्या, रोपायच्या पेंढ्या फेकून राहिले होते. अंकुश म्हणे, बाबा, आई आहे. तुमी पेंढी उचलली आणि आणखी पुढं गेले. वळले नाही.

अक्का माह्या बाजूले उभी होती. मी तिले काही न सांगता फोनपुढं आणलं होतं. मंग म्या ती पाठच दाखवली आणि मॅडमले म्हणलं, सांगा तिले. हा माहा नवरा. जिता आहे. इथं फौजेत होता, इथून जिता परत आला. म्या समजून न घेता यस यस केलं आणि समजल्यावर बी एक दिवस गप राहिली.

अक्का त्या पाठीकडे पाहत राहिली. फोन बंद झाला तरी पाहत राहिली. मंग मले एकच विचारलं, मंग दिवा कोणाचा?

अजी, मले काय सुचलं, मले बी माहीत नाही. म्या सांगितलं, ताराचंदचा असू द्या. आमच्या गावचा पोट्टा, तुमच्यासंग भरती झालेला, तो इथंच कामी आला. त्याच्या सामानाची पेटी तुमीच खांद्यावर त्याच्या आईच्या दारात नेऊन ठेवली होती आणि तवापासून या गावाचं नाव घेतलं नाही. एवढं मले माहीत आहे, तेवढं सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं. दिवा विझवला नाही. पण आत गेली ती गेली.

दुपारी मले ताट वाढलं. माह्यासंग बसली नाही. संध्याकाळी बी नाही. सायकल घेऊन कुठं तरी गेली, आली, दार लावून घेतलं. मी तिच्या जागी असती तर मी बी असंच केलं असतं.

आता मी तुमाले काही करा म्हणणार नाही. पण मले बरं वाटून राहिलं, हे खरं. खोट्या विधवेपेक्षा रागावलेल्या माणसाची बायको बरी. उद्या सकाळी चालाचं आहे. गुडघ्याचं पाहू.

सत्यभामा


शनिवार, १५ फेब्रुवारी

अंकुशच्या बाबाले सत्यभामाचा सप्रेम, सप्रेम, सप्रेम जय भीम.

तुमाले अर्धं माहीत आहे, पण माह्या बाजूनं सांगते. माहं मन भरलं नाही.

सकाळी अक्का उठायच्या आधीच आमी मैदानावर गेलो. मैदान नवीनच केलं आहे, कडेनं एक जुनी भिंत तशीच ठेवली आहे, भोकं असलेली. माह्या शर्यतीत मलेशियाची बाई, दक्षिणेकडली एक सिंहली बाई (लढाई सिंहली आणि इथल्या तमिळ लोकायचीच होती), जाफन्याच्या दोघी, आणखी काही जणी. मॅडमची गोळाफेक त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात होती. मोबाइल कोणाजवळ ठेवावा म्हणून त्या इकडेतिकडे पाहत होत्या, तर सायकल घेऊन अक्का आली. माह्याकडे पाह्यलं नाही. मॅडमच्या हातून मोबाइल घेतला आणि वळणाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली.

सुरुवात चांगली झाली. मंग ऊन चढलं आणि माहा गुडघा रोवण्यात शिरला. पहिलं कार्ड. थोड्या वेळानं दुसरं. आता एक झालं की घरी. मलेशियावाली पुढं गेली, सिंहली बाई तर कवाचीच पुढं. मले वाटलं, बस झालं सत्यभामा, विमानात बसली, समुद्र पाह्यला, पुट्टू खाल्लं, आता बाहेर हो.

आणि वळणावर आवाज आला.

"गुडघा! सत्यभामा, गुडघा सरळ!"

मले वाटलं उन्हानं डोकं फिरलं. पण पाय आपोआप सरळ झाले, पारीवर होत होते तसे. पुढच्या फेरीले म्या नीट पाह्यलं. अक्का कठड्यावर वाकून दोन्ही हातानं मोबाइल माह्याकडे धरून उभी, आणि त्याच्यात तुमी. बनियनवर. कोपरापर्यंत चिखल. डोक्यावर दुपट्टा नाही. ओरडून ओरडून तुमच्या गळ्याच्या शिरा दिसून राहिल्या होत्या. बांधीतल्या बाया तुमच्या मागं उभ्या राहून पाहत होत्या, हेही दिसलं. एक पंच दोनदा तिकडे पाहून गेला. पण त्याले मराठी कुठं येते, नाही तर तुमाले बी कार्ड भेटलं असतं.

मी चौथी आली. मेडल नाही, सर्टिफिकेट आहे. तिसरं कार्ड नाही भेटलं, हे सगळ्यायले सांगा. सिंहली बाई पहिली आली. तिचं नाव पुकारलं तवा आधी कोणीच टाळी वाजवली नाही. मंग कठड्याजवळच्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, मंग सगळ्यायनं वाजवली. त्या बाईनं हात जोडले आणि ती रडली. आमी बी रडलो, आमाले काय, निमित्तच पायजे होतं.

आता तुमाले माहीत नाही ते. अक्कानं मॅडमले सांगितलं आणि मॅडमनं मले. फोन वाजला, तिनं बटण दाबलं, तर समोर म्हातारा माणूस. तिनं चेहरा कधी पाह्यला नव्हता, पण मागचं वावर ओळखलं. तुमीबी तिले पाह्यलं. डोक्याचा दुपट्टा काढला आणि मान खाली घालून चिखलात उभे राहिले. मंग तिनंच इंग्रजीत म्हणलं, "तुझी बायको चालून राहिली," आणि मोबाइल माह्याकडे वळवला.

अंकुश सांगते, काल रातीपासून तुमी जेवले नव्हते आणि आज फोन त्याच्या हातून तुमीच ओढून घेतला. पोरगा सांगताना हासत होता.

बक्षिसाच्या वेळी पोरी पुन्हा ताट घेऊन आल्या. अक्कानं ताट स्वतःच्या हातात घेतलं. मले कुंकू लावलं, मोगरा माळला, केस ओले होते म्हणून दोनदा निसटला. म्या कपाळ पुढं केलं होतं. घरी येऊन आमी एका ताटात जेवलो. ताराचंदभाऊचा दिवा तिनं आज बी लावला, रोज लावीन म्हणते. त्याच्या भावाले जाऊन सांगा. तुमीच सांगा, अंकुशले पाठवू नका.

आणि तिनं तुमाले निरोप दिला आहे. पुढच्या वेळी नवऱ्याले घेऊन ये. त्याले पुट्टू करून घालते. जेवण झालं की त्याले काय विचारायचं ते मी समोर बसून विचारीन, आणि त्यानं सांगायचं. आधी जेवण, मंग विचारणं.

मी म्हणलं, आणते. यावेळी समजून "यस" म्हणलं.

मंगळवारी दुपारच्या एसटीनं साकोलीले उतरते. मोटरसायकल घेऊन या, गुडघा सुजला आहे. प्रतिक्षाले म्हणा मंगळसूत्र तुमच्याजवळ देजो, स्टँडवर तुमच्याच हातून घालते. लोक पाहतील तर पाहू द्या.

घरी जाताना सरळ घरी नेऊ नका. पारीवर थांबवा. अक्का जे विचारणार आहे ते मले बी विचारायचं आहे, अंकुश पोटात होता तवापासून विचारायचं आहे. तिले सांगानच, पण तिच्या आधी मले सांगा. शर्यतीत माहा नंबर चौथा आला. इथं तरी मले पहिला द्या.

तुमची,
सत्यभामा